आधी स्क्रीनशॉट, ब्लॉक शेवटी: सायबर पोलीस ठाण्यातल्या मॅडमना आभारपत्र

मा. मॅडम,
सप्रेम नमस्कार.

सायबर सुरक्षेचं व्याख्यान म्हटलं की विद्यार्थी मागचे बाक पकडतात. पासवर्ड सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका हे त्यांना पाठ असतं. तुम्ही ते झटपट आटोपून थेट विचारलंत: वर्गातल्या मुलीचा खासगी फोटो ग्रुपवर आला, तर पहिल्या दहा मिनिटांत काय कराल? त्या प्रश्नाबद्दल मनापासून आभार.

मुलं घाबरून आधी चॅट डिलीट करतात, नाहीतर समोरच्याला ब्लॉक करतात आणि पुरावा तिथेच जातो. तुम्ही क्रम लावून दिलात. आधी स्क्रीनशॉट, तोही न कापता. तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसायलाच हवा. ‘पिंट्या’ म्हणून सेव्ह केलेलं नाव तपासात काय कामाचं? मग प्रोफाइलची लिंक, कारण एकाच नावाची ढीगभर अकाउंट निघतात. त्यानंतर रिपोर्ट. ब्लॉक सगळ्यात शेवटी.

‘पुरावा म्हणून’ तो फोटो सरांना फॉरवर्ड करायचा नाही, हे तुम्ही ठासून सांगितलंत. संमतीशिवाय असा फोटो पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा ठरू शकतो: ३ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मला पाठव, बघतो’ म्हणणाऱ्या आम्हा प्राध्यापकांनाही हे लागू आहे!

खासगी फोटो संमतीशिवाय पसरू नयेत म्हणून असलेल्या ‘स्टॉप एनसीआयआय’ या संकेतस्थळाची माहिती तर फार मोलाची. फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त सांकेतिक ठसा पुढे जातो आणि जोडलेले प्लॅटफॉर्म त्यावरून तो फोटो शोधून अडवू शकतात. मात्र मुलगी १८ वर्षांवरची हवी, आणि फोटोत बरीच काटछाट झाली असेल तर ठसा जुळेलच असं नाही. मर्यादाही सांगितल्यात, म्हणून मुलांनी विश्वास ठेवला.

सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय तक्रार पोर्टलवर अशी तक्रार नाव न देता करता येते, पण मग पुढे तिचं काय झालं ते पाहता येत नाही. पैसे उकळले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन.

अ‍ॅडमिन मंडळींचीही भीती गेली. सदस्याच्या पोस्टसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. आता ‘ग्रुप बंद करू का?’ऐवजी ‘त्याला काढायच्या आधी काय जपून ठेवू?’ असं विचारतात.

तुमचा क्रम एका पानावर छापून आधी वसतिगृहाच्या रेक्टरांना दिला आहे. अशा तक्रारी रात्री येतात आणि तेव्हा कार्यालयाला कुलूप असतं.

आपले,
विद्यार्थी विकास समितीचे प्राध्यापक