काकूंचा वाटा

हॅम्बर्ग

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईशी फोनवर बोलणं झालं. नारळीपौर्णिमेनंतर रापणसंघाची, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या आपल्या मंडळींची, बैठक आहे, आणि शेजारच्या काकूंचा मासळीतला वाटा बंद करायचं काहींच्या मनात आहे म्हणे. काका गेले, दोर ओढायला घरात कोणी नाही, हे त्यांचं कारण. ते ऐकल्यापासून चैन नाही, म्हणून लिहितोय.

इथे सेंट मिखाएलिस चर्चजवळ एक चिंचोळा बोळ आहे. दोन्ही बाजूंना लाकडी चौकटीत विटा भरलेली अरुंद घरं, आतले जिने शिडीसारखे उभे. शहरातल्या दुकानदारांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या संघाने, १६७६ साली ती बांधली, मेलेल्या सभासदांच्या विधवांसाठी. युरोपभर अशा श्रेणी होत्या. वर्गणी काढून आजारी सभासदाला सांभाळायचं, मयताचा खर्च करायचा, पोरांना हाताखाली घेऊन धंदा शिकवायचा, खोटं माप देणाऱ्याला दंड करायचा. मला हे फार मोलाचं वाटतं. पण दार सगळ्यांना उघडं नव्हतं. सभासद नाही त्याला दुकान थाटता येत नसे, आणि ज्यूंना तर बहुतेक ठिकाणी प्रवेशच नसे. हॅम्बर्गात कोणालाही कुठलाही धंदा करायची मोकळीक मिळाली ती १८६५ साली.

आणि त्या घरांची अट ऐका. घर मिळायचं, पण नवऱ्याचं दुकान दुसऱ्या सभासदासाठी मोकळं करून द्यावं लागायचं. डोक्यावर छप्पर आलं, हातातला धंदा गेला.

आपल्याकडेही श्रेणींवर लोकांचा केवढा भरवसा होता! नाशिकच्या लेण्यातला उषवदाताचा, क्षत्रप नहपानाच्या जावयाचा, लेख आहे ना, त्यात गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायमची ठेव ठेवल्याचं कोरलंय. दरमहा शेकडा एक व्याज, त्यातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रं. त्याच लेखात ८००० माडांचं दानही आहे. मूळ रकमेला हात लावायचा नाही, हेसुद्धा लिहिलंय.

बाबा, काकांच्या जाळ्याचा तुकडा आजही आपल्या रापणीत आहे. काकू तो स्वतः शिवतात, मासळी डोक्यावरून बाजारात नेतात. दोराला हात लावणाऱ्या वाटसरूलाही आपण चार बांगडे देतो. मग काकूंना जाळ्याचा वाटा का नको? मदत म्हणून नको, हक्क म्हणून, संघाच्या वहीत त्यांच्या नावावर. तुम्ही बोललात तर लोक ऐकतील. बैठकीआधी दादाला संघाच्या म्होरक्याकडे, तांडेलांकडे पाठवा आणि काय ठरलं ते लगेच कळवा.

आईला नमस्कार.

तुमचा,
बाळा