गुण मिळतात, उत्तरपत्रिका मिळत नाही

महोदय,

मी ठाण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत अठ्ठावीस वर्षे इंग्रजी शिकवले. त्या काळात दहावीच्या उत्तरपत्रिका आधी परीक्षक म्हणून आणि पुढे नियामक म्हणून तपासल्या. निवृत्तीनंतर चार वर्षे एका खासगी मूल्यमापन संस्थेसाठी घरी संगणकावर बसून इंग्रजी निबंधांना गुण देत असे, आणि आता कळव्यात रोज संध्याकाळी प्रौढांना इंग्रजी शिकवते. गुण देणे आणि गुण मिळवण्यासाठी शिकवणे ही दोन्ही कामे केल्यामुळे एक गोष्ट मनाला फार लागते, ती आपल्या वाचकांपुढे मांडावी म्हणून हे पत्र.

दहावीच्या मुलाला आपले गुण पटले नाहीत, तर तो राज्य मंडळाकडे अर्ज करून आपल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेऊ शकतो, ती शिक्षकांना दाखवू शकतो आणि मग पुनर्मूल्यांकन मागू शकतो. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीला माहिती अधिकार कायद्याखाली हक्क आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात दिला. मात्र परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी हजारो रुपये भरून इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या तीस-पस्तीस वर्षांच्या माणसाला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहायला मिळत नाही. आयईएलटीएसचे उदाहरण घ्या. तिथे साठ मिनिटांत किमान १५० आणि किमान २५० शब्दांचे दोन मजकूर लिहायचे असतात. ते चार निकषांवर तपासले जातात: विचारलेल्याला दिलेला प्रतिसाद, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण. चारही निकषांना सारखेच वजन असते. परीक्षार्थीच्या हाती येणाऱ्या गुणपत्रकावर मात्र लेखनाचा एकच आकडा असतो, त्याला 'बँड' म्हणतात. फेरतपासणीची सोय आहे, पण तिच्यातूनही हाती येतो तो आकडाच.

हा आकडा माणसाला कसा चकवतो, ते मी गेल्या वर्षी जवळून पाहिले. माझ्या वर्गात येणारी एक परिचारिका जळगाव जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. आपल्याकडे इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले ते २००० साली, म्हणजे तिच्या वाट्याला ते पाचवीतच आले. अशाच एका परीक्षेत लेखनात तिला दोनदा अर्धी पायरी कमी पडली. दुसरा निकाल घेऊन ती आली तेव्हा तिने एवढेच विचारले, "बाई, माझं चुकलं कुठं?" व्याकरणच कच्चे असणार, असे तिने स्वतःच ठरवून टाकले होते. त्यामुळे दोन महिने रात्रपाळीहून आल्यावर ती 'ए', 'ॲन' आणि 'द' यांचे नियम पाठ करत होती. मराठीत या शब्दांसारखे काहीच नसल्याने आपल्या माणसांना ते जन्मभर छळतात, हे खरे आहे. मी तिला एक सरावाचा विषय दिला आणि घड्याळ लावून चाळीस मिनिटांत निबंध लिहून घेतला. प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या होत्या: लोक गाव सोडून शहरात का येतात, आणि हे चांगले की वाईट. पहिल्या गोष्टीवर तिने दीड पान सुरेख लिहिले होते. दुसऱ्या गोष्टीवर तिच्या निबंधात एक ओळही नव्हती. तिचे जुने सरावाचे निबंध काढले, तर त्यांतही तेच. 'द' दहा ठिकाणी गळला होता, पण अर्थ कुठेही अडत नव्हता. अशा चुकांनी गुण थोडेच जातात. निम्मा प्रश्न सोडणाऱ्याचे गुण मात्र पहिल्याच निकषात जातात. चार निकषांचे चार आकडे तिला पहिल्याच निकालात दिसले असते, तर तिचे दोन महिने आणि दुसऱ्या वेळची फी, दोन्ही वाचले असते.

गुण देणाऱ्याचे काम कसे चालते, हे लोकांना ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगते. आम्हाला आधी गुण ठरलेले नमुना निबंध देत. त्यांवर आमचे गुण जुळले, तरच खरे निबंध मिळत. पुढेही अधूनमधून गुण आधीच ठरलेला एखादा निबंध न सांगता समोर येई, आणि तिथे घसरले की पर्यवेक्षकांचा फोन. एक निबंध दोघे जण स्वतंत्रपणे तपासत. दोघांच्या गुणांत एकापेक्षा जास्त अंतर पडले, तर तो तिसऱ्याकडे जाई. हे सगळे काळजीने होत असे, त्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र एका निबंधाला दोन-तीन मिनिटेच मिळत, आणि तेवढ्यातही प्रत्येक निकषाचा वेगळा आकडा आम्ही पडद्यावर भरतच असू. म्हणजे जो तपशील मागायचा, तो कुणाला नव्याने तयार करायचा नाही. यंत्राने निबंध तपासण्याचे काम तर अमेरिकेत एलिस पेज यांनी १९६६ मध्येच सुरू केले होते, आणि आता काही परीक्षांत गुण देण्यात यंत्राचा वाटा मोठा आहे. त्यामुळे वेळ नाही, ही सबबही टिकणारी नाही.

पूर्ण उत्तरपत्रिका परत दिली तर प्रश्न बाहेर फुटतात आणि ते पुन्हा वापरता येत नाहीत, ही संस्थांची अडचण मला मान्य आहे. अशा वेळी प्रश्न झाकून फक्त निकषवार गुण आणि प्रत्येक निकषासमोर एक वाक्य, एवढे तरी द्यावे.

हा तपशील मिळत नाही, म्हणूनच ठाणे स्टेशनाबाहेर आणि वाशीत खासगी शिकवणी वर्गांचे 'हमखास बँड'चे फलक लागतात. कुठे चुकले हे ज्याला कळत नाही, तो पाठ करण्याचे सोपे साधन शोधतो, आणि वर्ग त्याला तयार साचा देतात. 'इन टुडेज मॉडर्न एरा' या शब्दांनी सुरू होणारे निबंध मी एका बैठकीत वीस-पंचवीस वाचलेले आहेत. विषय पाण्याचा असो की मोबाइलचा, पहिल्या चार ओळी त्याच असत. त्या ओळींना गुण देता येत नाहीत, कारण त्या लिहिणाऱ्याच्या नसतात. संपूर्ण उत्तर पाठ केलेले असल्याचा पुरावा असेल तर त्याला शून्य बँड, असे आयईएलटीएसच्या जाहीर निकषांतच लिहिलेले आहे. वर्गांच्या माहितीपत्रकांत मात्र हे वाक्य मी अजून पाहिलेले नाही. फी भरणाऱ्यांत रिक्षाचालकाची मुलगी असते, कर्ज काढलेला फिटर असतो. साच्याचे पैसे तेच भरतात.

म्हणून माझी विनंती दोन ठिकाणी आहे. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी निकषवार गुण गुणपत्रकावर छापावेत. आणि ठाणे, नवी मुंबईतील वर्गचालकांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर निकष विद्यार्थ्यांपुढे ठेवून त्यांच्याकडून एकमेकांचे निबंध तपासून घ्यावेत. माझ्या वर्गात आम्ही आता दर शनिवारी हेच करतो. त्या परिचारिकेने परवा दुसऱ्या एकाच्या निबंधावर पेन्सिलीने लिहिले होते: 'प्रश्नाचा दुसरा भाग कुठे आहे?' पुढच्या महिन्यात ती पुन्हा परीक्षेला बसत आहे.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका
कळवा, ठाणे