नोनोंचा डबा आणि तुझे आजोबा

प्रिय मित्रा,

खूप दिवसांनी असं लांबलचक लिहायला बसलोय. फोन केला असता, पण फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं, आणि मागचे पंधरा दिवस डोक्यात दुसरं काही नाहीच.

झालं काय, बायकोच्या आत्याचं घर विकायला काढलंय म्हणून आम्ही सामान आवरायला गेलो होतो, आणि माळ्यावर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. नोनोंचा. म्हणजे माझे आजेसासरे रे, त्यांना घरात सगळेच नोनो म्हणायचे, इटालियनमध्ये आजोबांना तसंच म्हणतात. लग्नाच्या वेळी तू व्हिडिओत पाहिलं असशील, पुढच्या रांगेत काठी धरून बसलेले. महायुद्धात होते एवढंच मला माहीत होतं, स्वतःहून ते कधीच बोलले नाहीत.

डब्यात दोनच वस्तू होत्या बघ. एक नोनोंचं मेडल आणि दुसरं त्यांच्या आईचं गुलाबी कव्हरचं छोटं पुस्तक, आत तिचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा. मला आधी वाटलं पासपोर्ट असेल. आत्या म्हणाली, नाही, ती शत्रू होती ना, त्याचं आहे ते. मी बघतच राहिलो.

जरा मागून सांगतो. नोनोंचं गाव दक्षिण इटलीत, आवेल्लीनो जिल्ह्यातलं. वडील आधी अमेरिकेत आले, नागरिक झाले, मग 1926 साली आठ वर्षांच्या पोराला आणि बायकोला बोलावून घेतलं. इथे जर्सीतच न्यूअर्कला फर्स्ट वॉर्ड म्हणून भाग होता, सगळी त्यांच्याच भागातली माणसं, सेंट लूसी चर्च, ऑक्टोबरात सान जेरार्दोची जत्रा. मूर्तीची मिरवणूक निघते आणि लोक तिच्या फितींना डॉलरच्या नोटा टाचतात, अगदी आपल्या पालखीसारखं. ती वस्ती नंतर 1950 च्या दशकात पाडली आणि मोठमोठ्या बिल्डिंगा उभ्या केल्या, पण जत्रा अजून भरते.

तर वडिलांमुळे पोरगा नागरिक झाला, पण आई नाही. 1922 च्या कायद्यानंतर बायकोला स्वतःचा वेगळा अर्ज करावा लागायचा, इंग्रजीत बोलून परीक्षा द्यायची, आणि या बाईला अक्षरओळखही नव्हती. तिने तो विषयच सोडून दिला. घर, चर्च, भाजीवाला, सगळं त्यांच्या बोलीत चालायचं, तिचं काही अडत नव्हतं.

मग डिसेंबर 1941 आला. इटली शत्रू देश झाला, आणि नागरिकत्व न घेतलेले सुमारे सहा लाख इटालियन एका फटक्यात ‘शत्रू परकीय’ ठरले. फेब्रुवारी 1942 मध्ये सगळ्यांनी पोस्टात जाऊन नाव नोंदवायचं, फोटो, बोटांचे ठसे, आणि ते गुलाबी पुस्तक कायम जवळ ठेवायचं. कॅमेरा, शॉर्टवेव्ह रेडिओ, असलं काही घरात ठेवायचं नाही, परवानगीशिवाय प्रवास नाही. कॅलिफोर्नियात तर याहून वाईट, किनाऱ्यालगतच्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली, आणि जो डिमॅजिओ, म्हणजे बेसबॉलमधला त्यांचा अगदी देव माणूस, त्याचे वडील कोळी होते, त्यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर जायला बंदी होती.

आणि नेमकं त्याच महिन्यात नोनोंना सैन्याचं बोलावणं आलं.

तू फक्त डोळ्यासमोर आण. मुलगा सैन्यात गेला की खिडकीत निळा तारा असलेला छोटा झेंडा लावायची पद्धत होती, तो या घराच्या खिडकीत लागला, आणि त्याच घरातला रेडिओ नोनोंच्या वडिलांनी पाठीवर मारून पोलीस चौकीत नेऊन दिला. आत्या सांगत होती, आजीला, म्हणजे नोनोंच्या आईला, ठसे घेतल्याचं दुःख नव्हतं, रेडिओ गेल्याचं होतं, कारण पेपर वाचता येत नाही आणि आता पोरगा कुठे आहे, तिकडे काय चाललंय हे कळायचं कसं? मग रोज संध्याकाळी शेजारणीच्या जिन्यात जाऊन बसायची, त्यांच्या दारातून आवाज येईल तेवढा ऐकायची, आणि शेजारीण तिला समजावून सांगायची. हे मला फार लागलं यार.

12 ऑक्टोबर 1942 ला, कोलंबस डेला, अ‍ॅटर्नी जनरल बिडल यांनी जाहीर केलं की इटालियन लोकांना आता शत्रू मानणार नाही. पण आजीने ते पुस्तक काही फेकलं नाही. आणि झालं ते चुकलं होतं असं सरकारने कायदा करून मान्य केलं 2000 साली! तोवर ती कधीच गेली होती.

नोनो नेमके कुठे कुठे लढले ते आता कागदावर मिळणार नाही. बायकोने सेंट लुईसच्या सरकारी रेकॉर्ड सेंटरकडून त्यांची सैन्यातली फाइल मागवली होती, उत्तर आलं जळाली म्हणून. 12 जुलै 1973 ला तिथल्या रेकॉर्ड सेंटरला मोठी आग लागली, त्यात 1912 ते 1960 दरम्यान आर्मीतून सुटलेल्यांच्या साधारण 80 टक्के फायली गेल्या. म्हणजे एवढं सगळं करून माणसाचं नावनिशाण म्हणावं तर हा डबा.

एक गोष्ट मात्र त्यांनी आत्याला सांगितलेली, एकदाच. 8 सप्टेंबर 1943 ला इटलीची शरणागती जाहीर झाली, दुसऱ्याच दिवशी अमेरिकन फौजा सालेर्नोला उतरल्या, त्यात नोनो. जर्मन तिथे होतेच. 14 तारखेला अमेरिकन विमानांनी आवेल्लीनो शहरावर बॉम्ब टाकले, बाजाराच्या वेळी, शेकडो साधी माणसं मेली. महिनाअखेरीस शहर हातात आलं तेव्हा नोनोंना दुभाषा म्हणून पुढे घातलं, का तर यालाच ती बोली येते. आठ वर्षांचे असताना आईचा हात धरून ज्या रस्त्याने बोटीकडे निघाले होते तिथे विटांचे ढीग. एक म्हातारा दगडावर बसलेला, त्याने यांची बोली ऐकली, अंगावरचे कपडे पाहिले आणि विचारलं, “आ की आपार्तिएनी?” म्हणजे शब्दशः, तू कुणाचा आहेस. तिकडे गावाकडे घराणं विचारायचं तर असंच विचारतात, आपल्याकडे म्हातारी माणसं विचारतात ना, कुणाचा रे तू, अगदी तेच. नोनोंना बापाचं नाव सांगता येईना. तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. खिशातलं चॉकलेट त्या म्हाताऱ्याच्या हातात ठेवलं आणि निघून आले.

मेडलची रिबन मी भिंग लावून पाहिली. युरोप-आफ्रिका मोहिमेचं मेडल आहे ते, मधे अमेरिकेचे निळा-पांढरा-लाल, एका बाजूला जर्मनीचे काळे-पांढरे पट्टे, आणि दुसऱ्या बाजूला हिरवा-पांढरा-लाल. इटलीचा. शत्रूचे रंग म्हणून विणलेत ते, आणि नोनोंनी आयुष्यभर ते आईच्या गुलाबी पुस्तकात घालून ठेवले होते.

आता तुला का लिहितोय ते. तुझे आजोबा आठवले रे. मराठा पलटणीतले. आपण तुमच्या पडवीत खेळायचो आणि ते झोपाळ्यावरून ओरडायचे, “पाने आण पाने”, आणि आपण फणसाची पानं तोडून आणायचो, मग ते हसून हसून खोकायचे आणि आजीकडून भाकरी मागून घ्यायचे. मला परवा सासूबाईंनी टेबलावर म्हटलं, ‘पाने’ इकडे दे, आणि मी ब्रेड हातात धरून तसाच बसलो. इटालियनमध्ये भाकरी-पाव म्हणजे पाने! चाळीस वर्षांनी कळलं मला.

आपले मराठे तिथेच होते ना तेव्हा. माणगावला ज्यांच्या पुतळ्यासमोरून आपण एसटीने जायचो ते यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीतच पडले, वरच्या टायबर खोऱ्यात, वय 22, एकट्याने मशीनगनवर चाल करून गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. संगमनेरकडचे नामदेव जाधव यांना 1945 च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर मिळाला. आजोबा त्यांच्याबरोबर होते का, कुठल्या बटालियनला होते, आपण कधी विचारलंच नाही. कुणाच्या दारात त्यांनी तो शब्द ऐकला असेल, कुणी पाव दिला असेल?

तुमच्या देवघराच्या फडताळात त्यांची मेडलं होती, लाल फडक्यात. असतील अजून. त्यात एक सहा टोकांचा तारा असेल, त्यावर ‘इटली स्टार’ असं लिहिलेलं असतं, त्याच्या फितीतही हेच तीन रंग आहेत. दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठव, आणि डिस्चार्जचं पुस्तक असेल तर प्रत्येक पान, फाटलेलं असलं तरी. आणि मोठ्या काकांना नीट शांतपणे बसवून विचार, ‘पाने’सारखे आणखी कुठले शब्द ते बोलायचे. काकांच्या तोंडून येतील तसेच रेकॉर्ड कर, तू सुधारू नकोस. मी इथे सासूबाईंना ऐकवतो.

तुझाच,
जर्सीवाला