सीताफळाच्या पानासाठी

छत्रपती संभाजीनगर

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर म्हणालास, धारूरच्या सीताफळाचं वेबपान नेटवर टाकायचंय, पण कोडिंग आपलं काम नाही. गड्या, हे मनातून काढून टाक. नोटपॅड आणि ब्राउझर, एवढ्यावर एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची भाषा, लिहिता येते. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत वेब उभं केलं आणि 1993 साली सर्ननं ते सगळ्यांना फुकट खुलं केलं. तुझ्या बागेलाही त्यात जागा आहे.

मजकूर तुझ्याकडे आहेच. त्यातलं शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठला, एवढंच ब्राउझरला सांगायचं. ते सांगणाऱ्या खुणा म्हणजे टॅग, कोनी कंसात लिहायच्या. परिच्छेदाला पी, मोठ्या शीर्षकाला एच1. टॅग उघडायचा, मजकूर लिहायचा, मग तिरपी रेघ देऊन तोच टॅग बंद करायचा.

बंद करायला मात्र विसरू नकोस. माझ्या पहिल्या पानात टायटलचा, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर दिसणाऱ्या नावाचा, टॅग उघडाच राहिला. ब्राउझरमध्ये बघतो तर पान पांढरंफटक! तासभर सेव्ह करत बसलो, रडकुंडीला आलो. पुढचा सगळा मजकूर त्या टायटलनं गिळला होता. तेव्हापासून आधी टॅगची जोडी टाकतो, मगच मधे लिहितो. डब्यात डबा ठेवताना आतल्याचं झाकण आधी लावतो ना, तसं आत उघडलेला टॅग आधी बंद.

हेड म्हणजे पानाच्या सुरुवातीचा, ब्राउझरसाठीच्या माहितीचा भाग; त्यात मेटा चारसेट यूटीएफ-8 ही अक्षरं कशी वाचायची ते सांगणारी ओळ घालच, आणि फाईलही यूटीएफ-8 मध्येच सेव्ह कर. नाहीतर 'सीताफळ' लिहिशील आणि लोकांना भलत्याच खुणा दिसतील. फाईलच्या नावाशेवटी डॉट एचटीएमएल हवं, डॉट टीएक्सटी राहिलं तर ब्राउझर नुसता कोड दाखवील.

फोटोचा टॅग आयएमजी, त्याला बंद करणारा जोडीदार नसतो. त्यात ऑल्ट म्हणून जागा असते, तिथं 'टोपलीत पिकलेली सीताफळं' असं लिही. तुझ्या काकांना दिसत नाही, त्यांचा फोन ते वाचून दाखवील. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. रंगरंगोटी सीएसएस नावाच्या वेगळ्या भाषेची, ती नंतर बघू.

आज रात्री फक्त एक शीर्षक, दोन परिच्छेद आणि एक फोटो एवढं कर आणि फाईल मला धाड. अडलास तर कितीही वाजता फोन कर. काकांना नमस्कार सांग.

तुझाच,
जुना बाकमित्र