जादू काढून टाकली तरी प्रेमकथा तशीच राहते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नव्या इंग्रजी प्रेम-अद्भुत कादंबऱ्यांवर, म्हणजे तरुण मंडळी ज्यांना ‘रोमँटसी’ म्हणतात त्यांच्यावर, लेख वाचला. ही सगळी पुस्तके एकाच साच्यातून निघतात, त्यामुळे त्यांची गंभीर दखल घेण्याचे कारण नाही, असा त्याचा एकूण सूर होता. साच्याचा हा आक्षेप मला पटत नाही. भेट, ओढ, अडथळा, ताटातूट आणि मीलन हा प्रेमकथेचा साचा जुनाच आहे. ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांनाही तो होता, वाचकाला तो पाठ होता, तरी पान उलटल्याशिवाय राहवत नसे. तेव्हा साचा आहे की नाही याची चर्चा करून हाती काही लागत नाही. अडथळा कशाचा बनवला आहे, हे पाहायला हवे.

अद्भुत कादंबरीत तो अडथळा जादूच्या नियमातूनच यायला हवा. पुस्तक वाचून झाले की एक कसोटी लावावी. ड्रॅगनच्या जागी घोडे ठेवा, परीलोकाच्या जागी एखादे जुने संस्थान ठेवा. नायक-नायिकेचे नाते जसेच्या तसे उरले, तर जादू नुसती सजावट होती. नाते कोसळले, तर लेखकाने काम चोख केले आहे. दुसरी गोष्ट, ती जादू वापरणाऱ्याला काहीतरी मोजावे लागले पाहिजे: शरीर, स्मृती, आयुष्य, काहीही. फुकटच्या जादूने कुठलाच पेच पडत नाही, आणि पेच नसला की उरलेली चारशे पाने केवळ संवादांवर रेटावी लागतात.

या कसोटीला उत्तम उतरणारे पुस्तक म्हणजे हॉली ब्लॅक यांचे ‘द क्रुएल प्रिन्स’ (२०१८). त्यातल्या परीलोकातल्या कुणालाच खोटे बोलता येत नाही. नायिका ज्यूड माणूस असल्याने तिला येते, आणि तिच्यापाशी बळ म्हणावे असे ते एकच. या एका नियमावर सगळी प्रेमकथा उभी आहे. तिचा छळ करणारा राजपुत्र फसवू शकतो, शब्द फिरवू शकतो, गप्प बसू शकतो, पण उघड खोटे त्याच्या तोंडून निघत नाही. त्यामुळे कात्रीत सापडल्यावर तिरस्काराची कबुली देता देताच त्याला ओढीचीही कबुली द्यावी लागते. वाचक मागे जाऊन त्याची आधीची वाक्ये पुन्हा वाचतो आणि प्रत्येकात फट सापडते. माणसांच्या साध्या राजवाड्यात हा प्रसंग लिहिताच आला नसता, कारण तिथे तो सरळ ‘नाही’ म्हणून मोकळा झाला असता. किंमतही आहे. विषप्रयोगातून वाचण्यासाठी ज्यूड रोज थोडे थोडे विष घेते, आणि ती त्याने आजारी पडते हे लेखिका विसरत नाही.

रिबेका यॅरॉस यांच्या ‘फोर्थ विंग’वर (मे २०२३) आपल्याकडे सगळ्यात जास्त टीका होते, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. युद्धविद्यालयात ड्रॅगनस्वारांचे प्रशिक्षण चालते. ड्रॅगन स्वार निवडतो, आणि ड्रॅगन मेला की स्वारही मरतो. नायिका व्हायलेटला निवडणारा ड्रॅगन टॅर्न आणि नायक झेडनची ड्रॅगन स्गेल हे जोडीदार आहेत. ती दोघे फार दिवस एकमेकांपासून लांब राहू शकत नाहीत, म्हणून त्यांचे स्वारही राहू शकत नाहीत. शिवाय एकाचा मृत्यू चौघांना ओढून नेईल अशी बांधणी. ज्याच्या बापाला तिच्या आईमुळे मृत्युदंड झाला, त्याच माणसाशी तिचा जीव असा बांधला गेला. शत्रुत्वातून प्रेम हा घासून गुळगुळीत झालेला ट्रोप, म्हणजे ठरीव कथासूत्र, इथे पुन्हा धारदार होतो, कारण दोघांनाही निघून जायची सोय नाही. सुरुवातीचा प्रसंगही पाहण्यासारखा आहे. उमेदवारांना अरुंद दगडी कठड्यावरून दरी ओलांडायची असते, पडला तो संपला. मन स्थिर ठेवण्यासाठी व्हायलेट देशाचा इतिहास-भूगोल घोकते. वाचकाला जी माहिती एरवी कंटाळवाण्या प्रकरणात कोंबावी लागली असती, ती जीव मुठीत धरून वाचली जाते. कादंबरी लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही पाने समोर ठेवून अभ्यास करावा.

दुसऱ्या भागात मात्र हीच गाठ सैल पडली. ‘आयर्न फ्लेम’ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, अवघ्या सहा महिन्यांत आला, तोही सहाशेहून अधिक पानांचा. संरक्षक शिळेचे रहस्य शोधण्याचा धागा त्यात चांगला आहे, पण तो दर थोड्या पानांनी थांबतो, कारण दोघांचे ‘मला सांगितले का नाहीस’ हे भांडण पुन्हा सुरू होते. पहिल्या भागात अडथळा ड्रॅगनच्या बंधातून आला होता. इथे तो नायकाच्या न बोलण्यातून येतो आणि त्याला जादूची गरजच उरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ‘ऑनिक्स स्टॉर्म’ आला, मालिका पाच भागांची ठरलेली आहे. इतक्या लांब पल्ल्यात पहिल्या भागाचा नियम लेखिकेला पुन्हा हाताशी घ्यावा लागेल.

सारा जे. मास यांच्या ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ (२०१५) मालिकेचे उलट आहे, तिचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस. पहिल्यात नायिका फेअर जीव वाचवण्यासाठी रात्रीच्या दरबाराच्या अधिपतीशी एक सौदा करते, दर महिन्याचा एक आठवडा त्याच्या दरबारात काढायचा. दुसऱ्या भागात लेखिकेला वाचकाचे मन पहिल्या प्रियकरावरून या अधिपतीकडे वळवायचे आहे. ते एका रात्रीत केले असते तर वाचक चिडला असता. महिन्याच्या त्या आठवड्यामुळे फेअरलाही वेळ मिळतो आणि आपल्यालाही. पुढे मात्र शक्ती प्रसंगानुसार वाढत जातात, मेलेली माणसे परत येतात आणि तेही एकदाच नाही. मग लढाईच्या प्रसंगात काळजाचा ठोका चुकत नाही.

रिबेका रॉस यांच्या ‘डिव्हाइन रायव्हल्स’चे (२०२३) नाव आपल्या लेखात नव्हते, हे खटकले. वृत्तपत्रात स्तंभलेखकाच्या एकाच जागेसाठी झगडणारे एक तरुण आणि एक तरुणी. ती टाइपरायटरवर लिहिलेली पत्रे कपाटाच्या दाराखालून सरकवते, ती नाहीशी होतात आणि त्याच्या खोलीत निघतात. पत्रे कुणाची हे त्याला कळते, ती कुणाला मिळतात हे तिला कळत नाही. एवढीशी जादू, पण ती काढली तर कादंबरीच राहत नाही. देवांच्या युद्धाचे चित्रण मात्र धूसर आहे. कोण कुठे आणि कशासाठी लढते आहे ते नीट उमजत नाही.

भारतीय वाचकाने ताशा सुरी यांचे ‘द जॅस्मिन थ्रोन’ (२०२१) चुकवू नये. २०२२ चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार त्याला मिळाला. कैदेतली राजकन्या मालिनी आणि दासी म्हणून राबणारी प्रिया या दोघींची ही प्रेमकथा आहे. प्रियाची शक्ती पवित्र जलात उतरून मिळते, आणि त्या जलातून सगळेच जिवंत बाहेर येत नाहीत. मोगरा, साड्या, देवळाच्या पायऱ्या हे सारे ओळखीचे असूनही पोथीतून उचलल्यासारखे वाटत नाही. पौराणिक पात्रांना नवे कपडे चढवणाऱ्या इंग्रजी-मराठी पुस्तकांच्या गर्दीत ही स्वतंत्र रचना उठून दिसते.

साध्या, जादूविरहित प्रेमकथांना हीच कसोटी थोडी बदलून लावता येते. या कथांत साधारण तीन चतुर्थांश पुस्तक संपले की ताटातूट येते, वाचक तिला ‘थर्ड ॲक्ट ब्रेकअप’ म्हणतात. एका फोनने मिटेल असा गैरसमज तिथे घातला असेल तर पुस्तक फसले. एमिली हेन्री यांच्या ‘बुक लव्हर्स’मध्ये (२०२२) तिचे सगळे करिअर न्यूयॉर्कमध्ये आहे आणि त्याच्यावर गावाकडच्या घरच्या पुस्तकदुकानाची जबाबदारी आहे. दोघांचेही बरोबर, म्हणून दुखते. हा पेच पुण्यातल्या कितीतरी घरांना परका नाही.

मराठीत हे नव्हतेच, असे आपल्या लेखकाने ओघात म्हटले आहे, ते दुरुस्त करायला हवे. हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. मराठी कादंबरीचे पहिले बहर अद्भुतरम्य प्रेमकथांचेच होते. हरिभाऊ आपट्यांनी वास्तवाची वाट रुंद केली, हे मोठेच काम. पण नंतर समीक्षेने अद्भुताला मुलांच्या कपाटात ठेवून दिले आणि नारायण धारपांसारख्या पुण्याच्या लेखकालाही भयकथाकार एवढ्याच ओळीत बसवले. आज मराठीत प्रेम-अद्भुत लिहिणारे मुख्यतः प्रतिलिपीसारख्या ॲपवर, भागाभागाने लिहितात. वाचक तिथे आहेत, कल्पनाही चांगल्या असतात. चुकते ते असे की, प्रत्येक भाग उत्कंठेवर तोडायचा असल्याने पुढच्या भागाचा चौथा हिस्सा मागचे सांगण्यात जातो, आणि जादूचे नियम आधी ठरवलेले नसल्याने ते पुढे कुठेतरी मोडतात. लिहायला बसण्यापूर्वी एका कागदावर नियम लिहावेत: ही शक्ती कुणाला, किती वेळ, कशाच्या बदल्यात, आणि तिने काय होऊ शकत नाही. यातले शेवटचे सर्वांत महत्त्वाचे, कारण कथा तिथूनच निघते. मालिका संपल्यावर संपादकाने मागच्या भागांची उजळणी काढून टाकली तर त्यातून नेटकी कादंबरी होऊ शकते. पुण्यातल्या प्रकाशकांनी हे लेखन हस्तलिखितासारखे मागवून वाचावे.

वयाचा मुद्दा लेखात निसटता आला. तो स्पष्टच बोलायला हवा. मुखपृष्ठ चित्रमय आणि नायिका विशीची, म्हणून ही पुस्तके वाचनालयांत सरसकट कुमार विभागात जातात. ‘द क्रुएल प्रिन्स’ आणि ‘डिव्हाइन रायव्हल्स’ किशोरवयीनांसाठीच लिहिली आहेत. ‘फोर्थ विंग’ प्रौढांसाठी आहे, शरीरसंबंधांची वर्णने मोकळी आहेत आणि विद्यार्थ्यांचे मृत्यूही भरपूर. मास यांची मालिका आधी किशोर विभागात विकली गेली आणि २०२० मध्ये प्रकाशकानेच नव्या मुखपृष्ठांसह ती प्रौढांसाठी म्हणून आणली. आपल्या दुकानांत आणि वाचनालयांत दोन्ही आवृत्त्या दिसतात, मजकूर तोच. कुणी बंदी घालावी असे मी म्हणत नाही. लेखक चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवरचा अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते निर्दोष ठरले, तो वाद मराठीत होऊन गेला आहे. फक्त वाचनालयाने पुस्तकाच्या कार्डावर वय लिहावे, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या आईला आपण काय घरी नेतो आहोत ते कळेल.

एक व्यवहाराची गोष्ट. फर्ग्युसन रस्ता आणि डेक्कनच्या पदपथांवर याच पुस्तकांच्या नकली प्रती ढिगाने असतात. लेखकाला त्यातून पैसा मिळत नाही हे तर आहेच, पण वाचकही फसतो. यातली बरीच पुस्तके पाचशे-सहाशे पानांची. नकली प्रतीत कागद पातळ, मागचा छापा पुढे दिसतो. जाड पुस्तकाला स्वस्त गोंद लावलेला असल्याने मधोमध उघडले की पाठ तडकते आणि पाने सुटतात. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या छापील कागदांचे गठ्ठे, जुळवताना घोळ झाला की सोळा-सोळा पाने गायब होतात किंवा दोनदा येतात, आणि हे नेमके क्लायमॅक्सला कळते. ओळखायची सोपी खूण म्हणजे सुरुवातीचा नकाशा. मूळ प्रतीत त्यावरची बारीक नावे वाचता येतात. नकलीत डोंगर आणि नद्यांचा एकच काळा डाग होतो आणि नकाशाचा मधला भाग शिवणीत गेलेला असतो. कणा पाहावा, अक्षरे एका बाजूला सरकलेली असतात. पैशाचा प्रश्न असेल तर जुनी मूळ प्रत घ्यावी किंवा वाचनालय गाठावे.

आपल्याकडे मागणे एवढेच. महिन्यातून एकदा का होईना, या प्रकारच्या एका पुस्तकाचे परीक्षण हे साहित्य वाचणाऱ्या समीक्षकाकडून लिहून घ्यावे. त्यात कथानक थोडक्यात असावे. जादूचा नियम काय, तो पाळला का, प्रेमातला अडथळा त्यातून येतो का, हे सांगावे. मालिका असेल तर कितवा भाग, एकूण किती ठरले आहेत, आणि हा भाग अर्ध्यावर सोडतो की स्वतःपुरता पुरा होतो, हेही लिहावे. प्रेमकथेच्या वाचकाला शेवट हवा असतो आणि तो दोन वर्षांनी मिळणार असेल तर आधी कळायला हवे. वयाची नोंद हवीच.

ज्यांनी या प्रकारात अजून काहीच वाचलेले नाही, त्यांनी सहाशे पानांच्या मालिकेपासून सुरुवात करू नये. हेदर फॉसेट यांचे ‘एमिली वाइल्ड्स एन्सायक्लोपीडिया ऑफ फेअरीज’ (२०२३) घ्यावे. परीलोकाचा अभ्यास करणाऱ्या, माणसांत अवघडणाऱ्या प्राध्यापिकेची ती रोजनिशी आहे, तळटीपांसकट. सुरुवात संथ आहे, पण गावकऱ्यांशी तिचे बिघडते तिथपर्यंत धीर धरावा. प्रेम त्यात अगदी हळूहळू, कामाच्या आडोशाने येते, आणि ते पुस्तक घरात कुणाच्याही हाती द्यायला हरकत नाही.

आपली वाचक,
कोथरूड, पुणे