व्हॉल्यूमच्या नॉबला टिकल्या लावणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

हे तुम्हाला एकटीला पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण मग तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय मिटवला असता. आणि दुसरं म्हणजे हल्ली ऑफिसात कोणी ना कोणी विचारतंच, की एवढे हेडफोन ऐकून आलास तर आता सांग कुठला घेऊ, आणि दर वेळी मी तुमच्याकडे जे शिकलो तेच परत सांगत बसतो. म्हटलं एकदा सगळ्यांसमोर आभारही मानावेत आणि लिहूनही ठेवावं. नाव लिहीत नाही, नाहीतर उद्यापासून कोथरूडला तुमच्या जिन्यात रांग लागेल.

वहिनींनी ओळख करून दिली तेव्हा मला एवढंच माहीत होतं की तुम्ही घरून डायलॉग एडिटिंग करता आणि तुमच्याकडे ओपन बॅक, म्हणजे मागची बाजू उघडी असलेले हेडफोन बरेच आहेत. ओपन बॅक घ्यायचा तर ऐकून घ्यायचा असं मी ठरवलं होतं, पण ऐकायचा कुठे? एका दुकानात तर सरळ सांगितलं, डबा उघडला की तो तुमचा. त्यामुळे तुमच्याकडे येताना मी हेडफोनच्या नावांची यादी घेऊन आलो होतो आणि तुम्ही ती न बघताच विचारलंत, "पण तुम्ही ऐकता काय?" शास्त्रीय, नाट्यसंगीत, अभंग, आणि घरी आई गाते, असं सांगितल्यावर तुम्ही म्हणालात मग टेस्टसाठी गाणी शोधत बसू नका, आईंचा तानपुरा रेकॉर्ड करू.

आणि खरंच आलात की हो माइक घेऊन! सदाशिव पेठेतल्या आमच्या मागच्या खोलीत, पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रिजचं बटणसुद्धा बंद करायला लावलंत, घामाच्या धारा, आणि आई एकदम मैफलीच्या थाटात मांडी घालून बसलेली. आईचा तानपुरा मिरजेचा, जुना, काळी चार ह्या पट्टीत लावलेला. मग मला शाळेत असताना शिकलेला तबला काढायला लावलात, डग्ग्यावर नुसती घिस्सा-मींड आणि तबल्याच्या चाटेवर, म्हणजे कडेवर, ना, ना, ना. त्या वेळी मला वाटलं होतं हा जरा अतीच उद्योग चाललाय. पण नंतर जे काही मला कळलं ते सगळं त्या रेकॉर्डिंगमुळे, कारण कुठल्याही सीडीवरचं गाणं मूळ कसं वाजलं होतं हे मला कसं माहीत असणार, हा तानपुरा मात्र मी लहानपणापासून रोज सकाळी ऐकतोय, त्याची जवारी, म्हणजे घोडीवर टेकलेल्या तारेतून उठणारी गुंजन, कशी बोलते ते झोपेतही सांगेन.

आता टिकल्यांचं सांगतो, कारण ऑफिसात लोकांना हेच सगळ्यात आवडतं. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात तुम्ही छोटा माइक बसवलात, एकेक हेडफोन त्यावर दाबून पिंक नॉईज, म्हणजे एकसारखा सूं-सूं आवाज, लावलात, आणि प्रत्येकाचा आवाज सारखा येईल तिथे अँप्लिफायरच्या नॉबशेजारी एकेक टिकली चिकटवलीत. चार हेडफोन, चार टिकल्या: लाल एचडी ६००, हिरवी डीटी ९९० प्रो, निळी के ७०२ आणि ती चमकीची सुंदरा. मग हेडफोन बदलला की नॉब त्याच्या टिकलीवर, इकडे तिकडे नाही. कारणही सांगितलंत, की आवाज जरासा जरी मोठा असला तरी कान त्यालाच चांगला म्हणतात, हळू आवाजात आपल्याला बास आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन ह्या संशोधकांनी १९३३ सालीच मोजून ठेवलंय. म्हणजे दोन हेडफोन नुसते आलटून पालटून घातले तर जो जास्त जोरात वाजतो तो जिंकतो, बाकी काही नाही. विजेला होणारा विरोध बघा, एचडी ६०० हा ३०० ओहमचा, डीटी ९९० प्रो २५०, के ७०२ फक्त ६२ आणि सुंदरा ३७, त्यात प्रत्येकाची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच विजेवर किती जोरात वाजतो ते, वेगळी, मग एकाच नॉबवर सगळे सारखे वाजतील कसे! इतकं साधं आहे, पण तोपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरं म्हणजे तुम्ही पूर्ण गाणं कधी ऐकूच दिलं नाहीत. दहा सेकंद तानपुरा, बदला, तेच दहा सेकंद, बदला. बारीक फरकाची कानाची आठवण काही सेकंदच टिकते म्हणालात, चहा पिऊन येऊन तुलना केली तर ती चहाची तुलना. मी म्हटलं डोळे मिटून करू म्हणजे कुठला ते कळणार नाही, तर तुम्ही हसलात, आणि सुंदरा डोक्यावर ठेवल्या ठेवल्या मला कळलं का हसलात ते. तो बाकीच्यांपेक्षा इतका जड आहे की डोळे मिटून काय उपयोग, आणि एचडी ६०० ची पकड तर चिमट्यासारखी.

प्रत्येकाबद्दल मला काय वाटलं ते तुम्ही वहीत लिहायला लावलं होतंत, ती वही अजून आहे. डीटी ९९० समोर लिहिलंय, "जवारी झकास, चाट कानात घुसते." पहिल्या मिनिटाला मी त्याच्याच प्रेमात पडलो होतो, तानपुऱ्याचे वरचे सूर असे काही झगमगत होते की बस. मग तुम्ही एक अभंग लावलात ज्यात टाळ आहेत. अरे बापरे. साधारण आठ हजार हर्ट्झच्या आसपास ह्याचा आवाज उंचावतो आणि टाळ नेमके तिथेच खणखणतात, शिवाय गायकाचा प्रत्येक स आणि श वेगळा उडून येतो. पण आमचा खरा तानपुरा इतका झगमगत नाही हो, शेजारी बसून ऐकला तरी नाही. वहीत ही ओळ मी तेव्हाच लिहिली आणि तिथे डीटीचा निकाल लागला. तुमच्या कामाला तो का लागतो तेही कळलं, डायलॉगमधला तोंडाचा टकटक आवाज, श्वास, कपड्यांची सळसळ, सगळं तो ओरडून सांगतो.

के ७०२ वर दोन तानपुऱ्यांची मैफल ऐकली. एक पार डावीकडे, एक पार उजवीकडे, मधे गायक, अशी जागा बाकी कुणी उभी केली नाही. पण डग्गा कुठे गेला? मींड ऐकू येते, तिच्याखालचं पोट नाही. त्याच्यावर जास्त वेळ घालवला नाही आपण.

सुंदरावर मात्र घालवला, आणि इथे मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. तुम्ही टॉर्च लावून जाळीतून आत दाखवलंत, की बाकी तिघांत स्पीकरसारखा गोल पडदा आणि त्याला हलवणारी कॉइल असते, ह्यात नुसता पातळ पडदा, त्यावर वाहक पट्ट्या आणि आजूबाजूला चुंबकं, त्यामुळे अख्खा पडदा एकदम हलतो आणि बास खालपर्यंत सरळ जातो. डग्ग्यावर मनगट दाबत नेल्यावर सूर जसा वर चढतो ना, तो त्यावर असा स्वच्छ आला की मला माझ्याच हाताची चूक ऐकू आली. मी म्हटलं झालं, हाच. तर तुम्ही म्हणालात आता आईंचा आवाज लावा. आणि आई एक पाऊल मागे सरकून बसल्यासारखी वाटली. वाईट नाही, फक्त मागे. गळ्याचा जो भाग आपण चेहऱ्याशी जोडतो, त्या एक-दोन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात तो जरा दबलेला आहे, असं तुम्ही नंतर सांगितलंत. आधी सांगितलं नाहीत, ह्याचे आभार वेगळे.

मग लाल टिकली. एचडी ६०० मध्ये काही झगमगलं नाही, काही पसरलं नाही, पहिल्यांदा ऐकून कोणी उडी मारेल असं त्यात काहीच नाही. आईने आ लावला आणि मी मान वळवून मागे बघितलं. बस, एवढंच. जवारी जेवढी घरी बोलते तेवढीच बोलली, चाट लाकडी आणि गोल. जागा अरुंद आहे हे मान्य, सगळे एकाच सतरंजीवर दाटीवाटीने बसल्यासारखे, आणि अगदी खालचा बास सुंदराइतका नाही. तो कमी आहे ह्याची मला काळजी वाटत होती, तेव्हा तुम्ही कागदावर हिशेब मांडलात. काळी चारचा मधला सा साधारण २०८ हर्ट्झ, खर्जाची तार त्याच्या निम्मी म्हणजे १०४. मग चाळीस हर्ट्झखाली काय वाजतंय ह्याची चिंता तुम्ही कशाला करताय, ढोल-ताशा ऐकायचा असेल तर तो बाहेर फुकट आहे! हा कागद मी खरंच जपून ठेवलाय, कारण मी वाचलेल्या प्रत्येक रिव्ह्यूत बास-बास चाललेलं असतं आणि ते लिहिणारे बहुतेक जण ज्या प्रकारचं संगीत ऐकतात त्यात तो लागतोच, त्यांचं काही चुकत नाही, पण आमच्या घरातल्या गाण्यात तो मजलाच नाही.

ढोलावरून आठवलं, ओपन बॅकचं खरं रूप घरी आल्यावर कळलं. मागची बाजू उघडी, म्हणजे आवाज कानापाशी कोंडत नाही आणि म्हणूनच तो मोकळा वाटतो, पण बाहेरचंही सगळं आत येतं. कुकरच्या शिट्ट्या, खालच्या रिक्षा, समोरच्यांचा मिक्सर. गणपतीच्या आधी नदीकाठी पथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी ह्या हेडफोनचा काही उपयोग नसतो. आणि उलटंही आहे, रात्री मी ऐकत असलो की बायकोला पलीकडच्या खुर्चीत यमन कळतो. तुम्ही हे आधीच सांगितलं होतंत, मेट्रोत घालायचा असेल तर आत्ताच नाही म्हणा. १९६८ साली सेनहायझरने पहिला ओपन हेडफोन काढला तो पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा एचडी ४१४, त्याचा फोटोही दाखवलात, आणि मला वाटलं काय गोड वस्तू आहे, आईच्या रेडिओशेजारी शोभली असती.

वापरलेला घ्या, हा सल्लाही तुमचाच. एचडी ६०० हे १९९७ चं मॉडेल, गाद्या, केबल, डोक्यावरचा स्पंज सगळं सुटं निघतं आणि सुटं मिळतं, त्यामुळे जुना म्हणजे टाकाऊ असं होत नाही. मला औंधला एकांकडे मिळाला, गाद्या पार चपट्या झालेल्या. नव्या गाद्या घातल्या आणि आवाज बदलला, कारण कान आणि ड्रायव्हर ह्यातलं अंतर बदललं. "हेडफोन वाजवून वाजवून पिकत नाही, गाद्या बसतात आणि कान सरावतात" हे तुमचं वाक्य तेव्हा पटलं. जाड पिनेचं कन्व्हर्टर तापकीर गल्लीत मिळालं, त्यात काही विशेष नाही. पकड सैल करायला मात्र मी तो रात्रभर दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवला, सकाळी डोकं बऱ्यापैकी मावलं. दिवाळी अंकांचा ह्याहून चांगला उपयोग ह्या वर्षी घरात कुणी केलेला नाही, पण ते जाऊ दे.

आता ज्यासाठी खरं म्हणजे लिहायला बसलो ते. गेल्या आठवड्यात आईला तो घातला आणि तिचाच तानपुरा लावला, आपण केलेलं रेकॉर्डिंग. ती हेडफोन वगैरेला हात लावत नाही, मशीन म्हणते. एक-दोन आवर्तनं ऐकली, भुवया आवळल्या आणि म्हणाली, "जोडीतली दुसरी तार बघ, जवारी मिटलीये तिची, जीव सरकवायला हवा." मी म्हटलं मला तर सगळं नीट वाटतंय. तिने तानपुरा मांडीवर घेतला, त्या तारेखालचा दोरा, तोच जीव, केसभर सरकवला आणि छेडली. उघडली की हो तार! रोज मांडीवर घेऊन वाजवताना कान वरून ऐकतो म्हणून लक्षात आलं नाही, असं तिचं म्हणणं. आता तिला घोडी घासून मुळातूनच जवारी काढून घ्यायचीये, मिरजेला पाठवायचा की इथेच कुणाला दाखवायचा ह्यावर घरात रोज चर्चा चालू आहे, आणि माझ्याकडे आता कोणी तज्ज्ञ म्हणून बघत नाही, तज्ज्ञ ती.

तर ताई, मनापासून आभार. तुमचा वेळ, तुमचे महागाचे हेडफोन एका अनोळखी माणसाच्या घामट डोक्यावर, आणि मुख्य म्हणजे "हा घ्या" असं एकदाही न म्हणणं, हे सगळं लक्षात आहे. निळ्या टिकलीवाल्याच्या गाद्या तुमच्याकडे फाटायला आल्यात, त्या मी मागवल्यात, पैशांचं बोलू नका. आणि जवारी काढून झाली की परत रेकॉर्ड करायचंय, आईची ऑर्डर आहे, तेव्हा तो माइक घेऊन एकदा याल का? सकाळची वेळ बघा, संध्याकाळी पथकांचा काही नेम नाही. पंखा बंद ठेवू, पण ह्या वेळी पन्हं तयार असेल.

तुमचा,
सदाशिव पेठेतला डग्गेवाला