ग्लेनकोलमकिल, आयर्लंडहून, आई-बाबांस

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही पुन्हा विचारलंत, "अडीनडीला तिथं तुझं कोण आहे?" ड्यूटीला उशीर होत होता म्हणून मी "आहेत माणसं" एवढंच म्हटलं. आज सुट्टी आहे, बाहेर पाऊस लागलाय. नीट सांगते.

मागच्या महिन्यात शेजारच्या आजी गेल्या. त्यांना घरीच ठेवलं होतं, बैठकीच्या खोलीत, उघड्या शवपेटीत. दोन दिवस सगळं गाव येत होतं. एकेक जण आत येई, घरच्यांचा हात हातात घेई, 'सॉरी फॉर युअर ट्रबल' एवढंच म्हणे आणि बाजूला बसे. गेलेल्या माणसाला रात्री एकटं ठेवायचं नाही, म्हणून पाळीपाळीने जागले. चहा, सँडविच, केक, सगळं शेजारपाजारच्या घरांतून. आई, सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून तू झाकून पिठलं-भात न्यायचीस, तीच तू डोळ्यांसमोर आलीस. मी मोरीपाशी कपबशा विसळायला लागले. एक बाई काही न बोलता फडकं घेऊन शेजारी उभ्या राहिल्या आणि पुसायला लागल्या. रात्री त्याच मला घरी सोडायला आल्या. माझं इथं कोण आहे, तर ही माणसं आहेत, बाबा.

पण हे गाव असं आपोआप टिकलेलं नाही. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला तेव्हा आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळजवळ तेवढीच देश सोडून गेली. त्यानंतर जाणं थांबलंच नाही. आमच्या या डोनेगॉल जिल्ह्यातली पोरं बटाटे काढायला स्कॉटलंडला जायची, काही अमेरिकेला. आपल्या वाडीतल्या चाकरमान्यांसारखीच, फक्त शिमग्याला परत येणं अमेरिकेहून जमत नसे. १९५१ साली फादर जेम्स मॅकडायर नावाचे धर्मगुरू इथे आले तेव्हा वीज नव्हती, नळाचं पाणी नव्हतं, धड रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता आणि हाताला काम नव्हतं. ते प्रवचनापुरते थांबले नाहीत. १९५३ मध्ये लोकांच्या श्रमदानातून गावाचं सभागृह उभं राहिलं. मग भाज्यांची सहकारी संस्था काढली, विणकामाला चालना दिली. १९६७ साली गावकऱ्यांनी वेगवेगळ्या शतकांतली शाकारलेली घरं जशीच्या तशी बांधून संग्रहालय केलं. समुद्राच्या वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून दोरांनी ते भिंतीतल्या खुंट्यांना बांधलेलं असतं. बाबा, तुम्ही असता तर तासभर तिथून हलला नसतात.

एकमेकांच्या शेतावर राबायला जाण्याला इथे 'मेहेल' म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे याला इर्जिक म्हणतात. तो शब्द त्यांनी माझ्याकडून चार वेळा म्हणून घेतला.

फादरांचे सगळेच उद्योग चालले नाहीत, आणि तरुण मुलं बाहेर जायचीही थांबली नाहीत. माझ्या रुग्णांपैकी कितीतरी आजी-आजोबांची मुलं सिडनीला, बोस्टनला आहेत. त्यांच्या उशाशी बसून मी मुलांचे फोटो बघते तेव्हा मला तुमचं घर दिसतं. हे मी फोनवर कधीच बोलले नसते.

९ जूनला संत कोलमकिलच्या नावाची यात्रा असते. सुमारे पाच किलोमीटरची वाट, पंधरा ठिकाणं, जुने कोरीव दगड, डोंगरातली विहीर. परंपरा अनवाणी चालण्याची. कोलमकिलचा जन्म ५२१ सालचा, पण इथले लोक त्याच्याबद्दल कालपरवा गेल्यासारखं बोलतात. विहिरीपाशी प्रदक्षिणा घालतात, तीही सूर्याच्याच दिशेने, आपल्यासारखी. तीन फेऱ्या, आणि दर फेरीला हातातला एक खडा राशीवर टाकायचा. ती रास आता केवढी उंच झालीय. त्यात माझेही तीन खडे आहेत, दोन तुमच्या दोघांच्या नावाचे.

आता मुख्य काम. १९३७ ते १९३९ मध्ये आयर्लंडभर सुमारे पाच हजार शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून गोष्टी, औषधं, शेतांची नावं, विहिरींच्या आख्यायिका वह्यांत उतरवल्या. त्या वह्या आजही जपलेल्या आहेत. बाबा, तुम्ही अडतीस वर्षं शिकवलंत. आपल्या वाडीतल्या प्रत्येक दळ्याला, शेताच्या तुकड्या-तुकड्याला नाव आहे, आणि मला त्यातली चारच आठवतात. सहाणेजवळच्या विहिरीचं काम कोणी कोणी केलं, शाळेची भिंत कोणाच्या श्रमदानातून उठली, हे तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. दोनशेपानी वही आणा. तुम्ही लिहा, आणि जिथे तुमचं चुकेल तिथे आई दुरुस्त करील.

नावांपासून सुरुवात करा. पाणंदीपलीकडचं ते चिंचोळं शेत, जिथे मी पडून गुडघा फोडला होता, त्याला काय म्हणायचे?

तुमची,
लेक